वॉरंटीतले दुखणे

आमच्या घरात आजवर बरीच यंत्रे आली आणि नांदली. आईचे शिवणाचे मशीन होते. त्याचा पट्टा सुटला की ती तो स्वतःच बसवी, तेलाचे दोन थेंब सोडी आणि पुढच्या मिनिटाला परकराची शिवण सुरू होई. वडिलांचा रेडिओ होता. तो गप्प झाला की वडील त्याच्या डाव्या अंगाला एक चापट मारीत आणि तो पुन्हा गाऊ लागे. पंखा होता, तो माझ्या मुंजीत आला आणि माझ्या मुलाच्या मुंजीपर्यंत कुरकुर न करता फिरला. यांतल्या कोणाजवळही वॉरंटी नव्हती. ती आमच्या घरात पहिल्यांदा थाटामाटाने आली ती 9 एप्रिल 2024 रोजी, गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर, लॅपटॉपचे बोट धरून.

“काका, पूर्ण एक वर्षाची वॉरंटी!” दुकानदार म्हणाला. उपवर मुलीच्या बापाने जावयाचा पगार सांगावा, असा त्याचा आवाज होता. मलाही धन्य वाटले. ज्याला दुखणे येणार असते त्याच्याच पाठवणीबरोबर वैद्याचा पत्ता देतात, हे त्या वेळी माझ्या ध्यानात आले नाही.

आता मी, महापालिकेच्या कचेरीत 34 वर्षे आवक-जावक सांभाळून निवृत्त झालेला मनुष्य, अठ्ठेचाळीस हजारांचे हे लचांड गळ्यात घालून घ्यायला का निघालो, ते सांगतो. त्याला कारण आमची आई.

आईला त्या वर्षी 83 वर्षे पुरी झाली. सकाळी उपमा खाल्ला की पोहे, हे तिला संध्याकाळी सांगता येत नसे. पण 1959 सालचा मे महिना विचारा, घडाघडा सांगे. त्या वर्षी वैशाखात तिचे लग्न झाले आणि पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या आत ती हर्णैहून बोटीने मुंबईला आली. ही हकिकत लहानपणापासून आम्ही तुकड्यातुकड्यांनी ऐकली होती. बंगळुरूहून आमचे चिरंजीव म्हणाले, “बाबा, आजी सांगत्येय तोवर सगळं टाइप करून ठेवा. नंतर हळहळाल.”

मुलगा क्वचित शहाण्यासारखे बोलतो. त्यामुळे ते मी मनावर घेतले. शिवाय मराठी टंकलेखनाची मिनिटाला 30 शब्दांची सरकारी परीक्षा मी पहिल्याच खेपेला पास झालेला. बोटे शिवशिवत होतीच. आमची ही फक्त एवढेच म्हणाली, “वही दहा रुपयांना मिळते.” मी तिच्याकडे, प्रगतीच्या आड येणाऱ्या माणसांकडे पाहावे तसे पाहिले.

पहिले तीन महिने यंत्र गुणी बाळासारखे वागले. मी रोज वर्तमानपत्र त्यावर वाचले, विजेचे बिल भरले, मराठी अक्षरांच्या जागा नव्याने शिकलो. मग जुलैच्या एका दुपारी, चारच्या चहानंतर, आईसमोर बसलो. तिच्याच हातची जुनी गोधडी चौघडी करून पलंगावर ठेवली, तिच्यावर लॅपटॉप ठेवला. आवाज टिपून घेण्याची सोय चालू केली. एका कोपऱ्यात चिरंजीव दृश्य स्वरूपात हजर होते. आईने पदर नीट केला आणि सुरुवात केली.

पत्र्याची ट्रंक, बंदरापर्यंतची बैलगाडी, कमरेएवढ्या पाण्यातून पडावात चढवणारे खलाशी, दूर समुद्रात उभी असलेली बोट, असे करीत करीत ती आली. “आणि माझा धाकटा भाऊ,” ती म्हणाली, “दहा वर्षांचा असेल, तो बंदरावर...”

पडदा निळा झाला.

अख्खाच्या अख्खा निळा. त्यावर एक रडका चेहरा, आणि खाली इंग्रजीत मजकूर की यंत्राला काही अडचण आली आहे, माहिती गोळा करण्याचे काम चालू आहे. शून्य टक्के, वीस टक्के, साठ टक्के. मी 34 वर्षे कचेरीत काढलेली असल्याने ही भाषा मला परकी नव्हती. माहिती गोळा करणे चालू आहे, याचा अर्थ काहीही होणार नाही, हे मी लगेच ओळखले. शंभर टक्के माहिती गोळा झाली, यंत्र स्वतःच बंद पडले, स्वतःच चालू झाले आणि जणू काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने हजर झाले. मी टाइप केलेली दोन पाने मात्र नाहीशी झाली होती आणि आवाजाची फाइल उघडता उघडेना.

“त्याला काय झालं तोंड वाकडं करायला?” आईने विचारले.

वाचकहो, टंकयंत्रावर मारलेले अक्षर कागदावर उमटले की उमटले. वीज जावो, छप्पर गळो, साहेब बदलून जावो, ते अक्षर तिथेच असते. लॅपटॉपवर अक्षर दिसते, पण ते असतेच असे नाही, हा वेदान्त मला त्या दिवशी कळला. चिरंजीवांनी फोनवरून त्याचे सार सांगितले, “बाबा, दर मिनिटाला सेव्ह करत जा ना!”

दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो. आईने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तिला मधून सुरू करता येत नाही. ट्रंक, बैलगाडी, पडाव, बोट. “धाकटा भाऊ बंदरावर उभा राहून रडला, मीही रडले...” पडदा निळा. तिसऱ्या दिवशी, “भावाने वाटेत खायला लाडू दिले...” निळा. घड्याळ लावून पाहिले. सुरुवात केल्यापासून साधारण वीस मिनिटे झाली की हे दुखणे येई. आईची हकिकत नेमकी त्याच वेळी हर्णैच्या बंदरावर येत असे. मुंबई काही येईना.

मग मी वॉरंटीचा कागद काढला. त्यावरचा फोन लावला. मराठीसाठी दोन दाबा, लॅपटॉपसाठी चार दाबा, असे करीत मी एका मनुष्यप्राण्यापर्यंत पोचलो. त्याने यंत्राचा क्रमांक विचारला. तो यंत्राच्या पोटाखाली, मुंगीने पाय घासावेत अशा अक्षरांत छापलेला होता. यंत्र उलटे करून, भिंग लावून, मी तो वाचून दाखवला. पलीकडचा म्हणाला, “सर, एकदा बंद करून चालू करा.” मी म्हणालो, “अहो, ते स्वतःच बंद होऊन चालू होतं. तीच तर तक्रार आहे.” यावर तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “मग सर्व्हिस सेंटरला घेऊन या.”

सर्व्हिस सेंटर ठाण्याला. डोंबिवलीहून भर गर्दीत, तान्हे मूल न्यावे तसे ते यंत्र छातीशी धरून नेले. आत थंडगार हवा, काचेची टेबले. एका तरुणाने यंत्र उघडले, चालू केले. पाच मिनिटे गेली, दहा गेली. पडदा कसा स्वच्छ! इकडून तिकडे नुसता झुळझुळ.

“काका, यात काही प्रॉब्लेम नाही,” तो म्हणाला.

“अहो, घरी रोज बंद पडतं!”

“इथे तर चांगलं चालतंय.”

मला एकदम आठवण झाली ती आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्याची. त्याच सुमारास आईचा विसरभोळेपणा वाढला होता. संध्याकाळ झाली की ती गोंधळे, एकदा तर हिला “तू कोणाची गं?” म्हणून विचारले. आम्ही घाबरून तिला डॉक्टरांकडे नेले. तिथे आई खुर्चीत ताठ बसली. डॉक्टरांनी वार विचारला, तारीख विचारली. तिने तिथीसुद्धा सांगितली. शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, अशी ती जिना उतरावा तशी उतरत गेली. मीच बहात्तरावर अडखळलो. डॉक्टर हसून म्हणाले, “आजी ठणठणीत आहेत. तुम्ही जरा विश्रांती घ्या.”

घरी आल्यावर आईने विचारले, “आपण कुठं गेलो होतो?”

दुखण्याचा हा एक प्रकार असतो, वैद्याला लाजणारा. दाताची कळ दवाखान्याच्या पायरीवर थांबते, रिक्षाचा खडखडाट गॅरेजच्या दारात थांबतो. आणि मग घरच्या माणसावर खोटे बोलल्याचा आळ येतो. यंत्र ठीक, आई ठीक, म्हणजे बिघाड माझ्यातच, असे मलाही वाटू लागले.

दुसऱ्या खेपेला त्या तरुणाने गोधडीची चौकशी केली. मऊ वस्तूवर ठेवले की खालची हवेची जाळी बंद होते, आतला पंखा गुदमरतो, यंत्र तापते, असे तो म्हणाला. ते खरेच आहे, आणि लॅपटॉप बाळगणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. मी गोधडी काढून देवघरातला जास्तीचा पाट घेतला. पाटावर बसून यंत्र पुन्हा विसाव्या मिनिटाला निळे झाले. फक्त आता सोवळ्यात झाले इतकेच.

तिसऱ्या खेपेला, “आतलं सगळं पुसून नव्याने टाकावं लागेल,” असे ठरले. एक छापील फॉर्म पुढे आला. त्यावर सही करता करता, सवयीप्रमाणे, मी खालची बारीक अक्षरे वाचली. पाणी सांडले तर वॉरंटी नाही. पडले, आपटले तर नाही. दुसऱ्या कोणी उघडले तर नाही. आणि शेवटी: यंत्रातील मजकुराची कोणतीही जबाबदारी आमच्यावर नाही.

ते वाक्य मी दोनदा वाचले. म्हणजे वॉरंटी होती ती पत्र्याची, काचेची आणि तारांची. माझी आई बोटीत बसते ती गोष्ट वॉरंटीत नव्हती. सुदैवाने, तोवर जमलेली अकरा पाने शेजारच्या काकूंच्या मुलीने पेन ड्राइव्हवर काढून दिली होती. ती इंजिनिअरिंगला आहे. ती म्हणाली, “काका, ते लोक तोंडी सांगून ऐकणार नाहीत. कधी बंद पडलं, त्या वेळी काय काय चालू होतं, सगळं लिहून ठेवा. आणि बंद पडताना फोनवर व्हिडिओ काढा.”

गंमत म्हणजे त्याच आठवड्यात डॉक्टरांनी हेच सांगितले. “रोजची नोंद ठेवा. किती वाजता गोंधळ होतो, किती वेळ टिकतो, आधी काय झालं होतं.”

नोंद! 34 वर्षे मी दुसरे केले काय? माझ्या अंगात दहा हत्तींचे बळ आले. हिने सुचवलेली ती दहा रुपयांची वही मी विकत आणली (आता ती तीस रुपयांना झाली होती), आणि काटकसरीचा विचार करून पुढून आईची आणि मागून लॅपटॉपची नोंद ठेवू लागलो. ही माझी चूक झाली.

चौथ्या खेपेला टेबलापलीकडे एक तरुण मुलगी होती. मी चष्मा लावला, वही उघडली आणि खणखणीत आवाजात वाचू लागलो. “मंगळवार. सकाळी अगदी ठीक. दुपारी जरा मंद. सायंकाळी सात वाजता अचानक गप्प. विचारलेलं काही समजेना. पाच मिनिटांनी आपोआप पूर्ववत.”

“बरोबर,” ती टाइप करीत म्हणाली. “अशीच लक्षणं असतात. पुढे?”

“बुधवार. सायंकाळी साडेसहाला पुन्हा तोच प्रकार. घरातली माणसं ओळखीना.”

तिची बोटे थांबली.

“गरम दूध दिलं. पाठीवरून हात फिरवला. नऊला झोपली.”

मागच्या रांगेतले दोघे-तिघे मान लांब करून माझ्या पिशवीकडे पाहू लागले. मी वही उलटी केली. ओशाळून सगळा खुलासा केला. त्या मुलीने हसू दाबले, पण मग तिने वही माझ्या हातातून घेऊन दोन्ही बाजू शांतपणे वाचल्या आणि म्हणाली, “काका, माझ्या आजीलाही असं होतं.” तिने व्हिडिओ पाहिला. तिने मात्र यंत्र ठीक असल्याचे म्हटले नाही. “हे ठेवून जावं लागेल. आठ-दहा दिवस तरी.” पण वरच्या साहेबांनी येऊन सांगितले की आधीच्या तिन्ही खेपांना बिघाड आढळलेला नाही, तेव्हा पुन्हा ठेवून घेता येणार नाही.

मी हात हलवीत घरी आलो. सगळी कथा ऐकून ही म्हणाली, “नाही म्हणाले? लेखी दिलं का नाही म्हणून?”

इथे सांगितले पाहिजे की आमच्या हिचे माहेर ग्राहक चळवळीतले. 1975 साली मुंबई ग्राहक पंचायत निघाली. पुढे काही वर्षांनी माझ्या सासूबाई तिच्या सभासद झाल्या. आसपासची घरे मिळून महिन्याचे सामान एकदम येई आणि त्यांच्या ओटीवर त्याची वाटणी होई. डाळीचा दाणा किडका निघाला तर त्याचीही चिठ्ठी लिहिली जाई. आमची ही त्या चिठ्ठ्यांवर वाढली. तिने सांगितले आणि मी लिहिले. “महोदय, संदर्भ: आपले जॉबशीट क्रमांक चार, दिनांक अमुक; सोबत: बिलाची प्रत, नोंदींची प्रत, चित्रफीत एक.” विषय, संदर्भ, मजकूर, प्रत माहितीसाठी! किती वर्षांनी मी मसुदा घातला होता! हात थरथरत होता तो रागाने की आनंदाने, सांगता येत नाही.

मग तिने 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला. तिथे मराठीत बोलता येते. त्यांनी तक्रार नोंदवून क्रमांक दिला आणि ती कंपनीकडे पाठवली. शेजारचे निवृत्त वकीलही चहाच्या निमित्ताने येऊन धीर देऊन गेले. 20 जुलै 2020 पासून नवा ग्राहक संरक्षण कायदा लागू झाला आहे. त्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फीसुद्धा नाही, असे त्यांनी बिस्किटे बुडवता बुडवता समजावले. मला त्याची गरज पडली नाही. चौथ्या दिवशी ठाण्याहून फोन आला. आवाज एकदम मऊ. “काका, लॅपटॉप घेऊन या. आम्ही ठेवून घेतो.”

माझ्या 34 वर्षांच्या नोकरीत ज्या कागदांचा मी मनातून तिरस्कार केला, त्या कागदांचे महत्त्व मला त्या दिवशी पलीकडच्या बाजूला उभे राहून कळले. तक्रार करणाऱ्याजवळ त्याच्या खरेपणाचा दुसरा पुरावाच नसतो हो!

यंत्र दहा दिवस ठाण्याला राहिले. घरात एकदम शांत वाटू लागले. चार वाजले, चहा झाला आणि आई पदर सावरून आपली वाट पाहत बसली. “आज नाही का तुझं ते?” तिने विचारले. मग मी तीच वही घेतली, मधले कोरे पान काढले आणि पेन घेऊन तिच्यासमोर बसलो.

इतके दिवस आमच्या दोघांच्या मधे त्या यंत्राचे झाकण उभे असायचे. तिला माझा चेहरा अर्धाच दिसे आणि मी तर तिच्याकडे पाहतच नसे. मी पाही पडद्याकडे, आता निळा होतो की मग. त्या दिवशी आम्ही समोरासमोर होतो. ट्रंक झाली, बैलगाडी झाली, पडाव झाला. बंदर आले. मी सवयीने थांबलो. तीही थांबली.

“लाडू दिले ना मामाने?” मी आठवण करून दिली. कारकुनाच्या नजरेला तिच्या तीन जबान्यांतली तफावत सलत होतीच.

“लाडू नव्हते रे,” आई म्हणाली. “पाकीट होतं.”

आई सातवीची फायनल पास होती, हे आम्हाला ठाऊक होते. त्या काळी तेवढ्या शिक्षणावर प्राथमिक शाळेत नोकरी मिळे. जिल्हा परिषदा व्हायच्या होत्या. शाळा स्कूल बोर्डाकडे असत. आईने कोणाला न सांगता अर्ज केला होता. जवळच्याच एका गावी शिक्षिका म्हणून नेमणुकीचा हुकूम आला तो लग्नाच्या आठ दिवस आधी. आजोबांनी तो गणपतीच्या तसबिरीमागे ठेवून दिला. सगळे ठरलेले होते, पत्रिका गेल्या होत्या. धाकट्या मामाने ते पाहिले होते. त्याने बंदरावर ते पाकीट तिच्या हातात कोंबले आणि पळून गेला. तिने ते बोटीत बसल्यावर उघडले.

“मग गं?” मी विचारले.

“मग काय? बोट सुटली होती.”

ती हे अगदी साध्या आवाजात म्हणाली. माझे पेन थांबले. “कुठे गेला तो कागद?”

“आठ वर्षं होता ट्रंकेच्या तळाशी. मग तुला शाळेत घालायचं झालं. पाटी फुटली होती तुझी. कागद पाठकोरा होता, मागच्या बाजूला तुला अ, आ काढून दिले. तू गिरवलेस. छान गिरवलेस हो.”

पाठकोरा कागद! आमच्या कचेरीत पाठकोऱ्या कागदावर कच्चे मसुदे घालीत. त्या कागदाची पुढची बाजू काय होती, हे उलटून पाहायचे माझ्या कधी मनात आले नाही. मी ते वाक्य शब्दशः वहीत उतरवून घेतले. अक्षर वाकडे आले, पण उमटले.

ती हकिकत यंत्र नीट चालले असते तर मला मिळाली असती का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. लाडवांवरच भागले असते. पहिल्याच दिवशी मुंबई आली असती, सगळे सुबक टाइप झाले असते, आणि मी फाइल बंद केली असती.

अकराव्या दिवशी ठाण्याला गेलो. त्या मुलीने यंत्र रात्रभर तपासणीला लावले होते. तपासणीचा कार्यक्रम यंत्राच्या स्मरणशक्तीचा एक-एक कप्पा भरून, पुन्हा वाचून पाहतो; जिथे लिहिले एक आणि वाचले भलतेच, तिथे लाल ओळ येते. पहाटेपर्यंत लाल ओळींची रांग लागली होती. “मेमरी खराब होती, काका,” तिने सांगितले आणि बोटभर लांबीची एक हिरवी पट्टी माझ्या तळहातावर ठेवली.

मी विचारले, मग इथे आणल्यावर का चालत होते? तिने समजावले ते मला चाळीत राहिल्यामुळे चटकन कळले. चाळीत वीस खोल्या, त्यातली अठरावी गळकी. पाच बिऱ्हाडे असेपर्यंत कोणाची तक्रार नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये यंत्र रिकामे उघडत, दहा मिनिटे बघत. घरी मी टाइप करीत होतो, आवाज टिपत होतो, चिरंजीवांना कोपऱ्यात बसवले होते. बिऱ्हाडे वाढत जात आणि विसाव्या मिनिटाला कोणाचे तरी अंथरूण अठराव्या खोलीत पडे. नवी पट्टी बसवायला तिला दहा मिनिटे लागली. एक पैसाही पडला नाही, वॉरंटी होती.

आईचेही काही झाले. नोंदी पाहून डॉक्टरांनी रक्त तपासले. बी-बारा जीवनसत्त्व फार उतरले होते. इंजेक्शने सुरू झाली आणि संध्याकाळचा गोंधळ पुष्कळ कमी झाला. निदान हिला ती आता कोणाची म्हणून विचारीत नाही. “वयाचं ते वयाचं,” डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. “त्याला आपल्याकडे पट्टी नाही.” मला ते समजले. मी फॉर्मवरची बारीक अक्षरे वाचणारा मनुष्य आहे.

पाडव्याला वॉरंटीचे वर्ष सरत आले. यंत्र तेव्हापासून एकदाही निळे झाले नाही. आम्ही चार वाजता बसतो. यंत्र पाटावर, वही माझ्या मांडीवर. ट्रंक, बैलगाडी, पडाव, बोट. वीस मिनिटे झाली की आई आपणहून थांबते. तिला ती सवय लागली आहे. ती झाकणाच्या पलीकडून डोकावते आणि विचारते, “बंद पडलं का रे?”

समोर पडदा लख्ख असतो. अक्षरे जागच्या जागी असतात.

“हो, पडलं,” मी म्हणतो. “पहिल्यापासून सांग.”